पाचव्या चाकाचे गचके : विमानाच्या टायरवर टेकलेल्या घराची गोष्ट (थ्रेड)

१/ १९२८ साली फ्लोरिडातील ओपा-लोका या नव्याने वसविलेल्या गावात एक चमत्कारिक वाहन तयार झाले. पुढे छोटी मोटार, मागे तिच्याहून कितीतरी लांब असे चाकांवरचे घर. या दोहोंच्या सांध्यात एक टायर होते, पण ते रस्त्याला टेकत नव्हते. मोटारीच्या मागच्या भागात ते ताटासारखे आडवे ठेवलेले होते. वाहनाचे नाव एरोकार, आणि कर्ता ग्लेन कर्टिस : राइट बंधूंचा प्रतिस्पर्धी म्हणून जग ज्याला ओळखते, तोच.

२/ त्या आडव्या टायरचे महत्त्व समजण्यासाठी प्रथम 'फिफ्थ व्हील' म्हणजे काय ते पाहावे लागते. शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. चारचाकी घोडागाडीची पुढची चाके वळावीत म्हणून पुढच्या ॲक्सलवर लोखंडी कडे आडवे बसवीत. त्यावर गाडीचा सांगाडा टेके आणि वळताना कडे खाली फिरे. आकार चाकाचा, म्हणून नाव पाचवे चाक. आज ट्रॅक्टर-ट्रेलरच्या सांध्यातील वंगण फासलेल्या पोलादी तबकडीला तेच नाव आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराकडे कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरांच्या पुढच्या टोकाखाली जी जाड खुंटी असते, ती किंगपिन. ती या तबकडीच्या जबड्यात अडकते.

३/ साधा ट्रेलर वाहनाच्या शेपटीला, म्हणजे मागच्या बंपरपाशी जोडलेला असतो. फिफ्थ व्हील ट्रेलरचा पुढचा भार थेट ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या ॲक्सलवर किंवा तिच्या किंचित पुढे येतो. त्यामुळे ट्रेलर शेपटासारखा डोलत नाही, आणि हा मोठाच लाभ. परंतु किंमतही त्याच जागी मोजावी लागते. ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा, घरगुती ट्रेलरमध्ये साधारण पंधरा ते पंचवीस टक्के, ओढणाऱ्याच्या पाठीवर बसतो, आणि ट्रेलरला बसलेला प्रत्येक दणका त्याच वाटेने पुढे चालकापर्यंत पोहोचतो.

४/ ही अडचण अगदी आरंभीच कोणाच्या तरी ध्यानात आली होती. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या नॉक्स कंपनीसाठी चार्ल्स मार्टिन यांनी १९०९ च्या सुमारास तीनचाकी ट्रॅक्टर रचला. त्यांनी फिफ्थ व्हीलचा भार ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर टाकलाच नाही. मागच्या ॲक्सलवर स्वतंत्र जाड पाटे बसवून भार त्यांवर घेतला. सांगाड्याचे, आणि म्हणून चालकाचे, पाटे निराळे. शिवाय तबकडी पुढे-मागे झुलू शकत असे. हे ट्रॅक्टर पुढे अग्निशमन दलांची जुनी, घोड्यांनी ओढायची यंत्रे ओढू लागले.

५/ १९१४ मध्ये डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी एका लाकूडव्यापाऱ्याची नौका फोर्ड मॉडेल टी गाडीमागे नेण्यासाठी दोनचाकी गाडा बनविला. तो इतका सोयीचा ठरला की व्यापाऱ्याने लाकडासाठीही तसेच गाडे मागविले, आणि सेमीट्रेलरच्या मोठ्या उद्योगाची तेथून वाट निघाली. लाकडाचे ओंडके गचक्यांबद्दल तक्रार करीत नाहीत. मालवाहतुकीत हा प्रश्न पुष्कळ काळ मागे राहिला, याचे एक कारण तेवढेच असावे.

६/ कर्टिसचे प्रकरण निराळे होते, कारण त्याला ट्रेलरमध्ये माणसे बसवायची होती. गाडी थांबल्यावर नव्हे, धावत असताना.

७/ कर्टिस मूळचा न्यूयॉर्क राज्यातील हॅमंड्सपोर्टचा सायकलपटू. १९०७ मध्ये ऑर्मंड बीचच्या वाळूवर त्याने स्वतःच्या आठ सिलिंडरी मोटारसायकलवरून ताशी १३६ मैलांचा वेग गाठला. पुढच्याच वर्षी ४ जुलैला 'जून बग' विमान लोकांसमोर उडविले. नंतर राइट बंधूंशी पेटंटचा वर्षानुवर्षे चाललेला दावा, महायुद्धातील प्रचंड विमाननिर्मिती, आणि अखेर फ्लोरिडात जमिनींचा व्यवसाय. हायलिया, मायामी स्प्रिंग्ज आणि ओपा-लोका ही गावे त्याच उद्योगातून उभी राहिली. सप्टेंबर १९२६ च्या चक्रीवादळाने तेथील जमिनींची तेजी पार झोपविली. एरोकार ही त्यानंतरची खटपट.

८/ घराची बांधणी विमानाची होती. हलक्या लाकडाचा सांगाडा, आणि त्याला ताठ ठेवणाऱ्या तारा, जशा जुन्या विमानाच्या धडात असत. वजन कमी, म्हणून साधी कूपे मोटारही ते ओढू शके. आत झोपण्याच्या जागा, स्वयंपाकाची सोय आणि चालकाशी बोलण्यासाठी टेलिफोन. काही एरोकार विमानतळ आणि हॉटेले यांच्यामध्ये प्रवासी नेण्यासाठीही वापरल्या गेल्या.

९/ खरी युक्ती सांध्यात होती. मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे हवा भरलेले टायर आडवे बसविलेले असे. ट्रेलरची मान त्यावरून येई आणि तिची खुंटी त्या चाकाच्या मध्यात उतरे. मोटार वळली की चाक फिरे. मोटारीने ब्रेक दाबला, की ट्रेलर लोखंडावर न आदळता टायरच्या एका बाजूला दाबला जाई. वेग वाढविला, की दुसऱ्या बाजूला. घोडागाडीतले पाचवे चाक नावापुरतेच चाक होते. कर्टिसने त्या जागी खरोखरीचे चाक ठेवले.

१०/ या रचनेतली मर्मज्ञता अशी की तिने दोन निराळे दोष एकत्र हाताळले. एक वरखाली बसणारा दणका, दुसरा पुढे-मागे बसणारा हिसका. पाटे पहिल्यावर इलाज करतात. दुसऱ्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो.

११/ कर्टिस २३ जुलै १९३० रोजी वारला, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. मंदी सुरू झालेली होती आणि एरोकार श्रीमंतांचे वाहन होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिचे उत्पादन संपले. बिजलीच्या वेगाचा शौक असलेल्या माणसाने अखेरची वर्षे गचके कमी करण्यात घालविली, हा विरोधाभास त्याच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकला जातो.

१२/ युद्धानंतर अमेरिकेत फिफ्थ व्हील घरे परत आली, ती पिकअपच्या हौद्यात बसविलेल्या पोलादी तबकडीवर. सांधा मालट्रकाचा, आणि ओझे मात्र संसाराचे. जड ओझ्यासाठी बनविलेल्या पिकअपचे मागचे पाटे ताठ असतात. ट्रेलरही बहुधा पाट्यांवरच चालतो, आणि कित्येक ट्रेलरांना शॉक ॲब्सॉर्बर मुळीच नसतात. काँक्रीटच्या महामार्गावर हा दोष तालात ऐकू येतो. फरशांचे सांधे पाच-पाच मीटरवर आहेत आणि वेग ताशी नव्वद किलोमीटर आहे असे धरले, तर गाडीला दर सेकंदाला पाच ठोके बसतात. हा ताल दोन्ही वाहनांच्या स्वतःच्या डुलण्याशी जुळला, की चालकाच्या कमरेला मागून कोणी ढोसत असल्यासारखे वाटू लागते. कधी कधी वेग थोडासा कमी-जास्त करताच ढोसणे थांबते. यात चमत्कार नाही, ताल मोडतो इतकेच.

१३/ इलाज हळूहळू एकेका सांध्यावर शोधले गेले. ट्रेलरच्या दोन ॲक्सलांमध्ये भार वाटणाऱ्या दांडीत रबर आले, शॉक ॲब्सॉर्बर जोडले जाऊ लागले. किंगपिन ज्या पेटीला बसविलेली असते ती पेटी रबराच्या ठोकळ्यांवर लोंबती ठेवली, की पुढे-मागचा हिसका रबर ताणण्यात खर्ची पडतो. दुसरी वाट हवेच्या पिशवीची, आणि तिचा भर वरखालीच्या दणक्यावर. दोष नेमका कोणता हे न ओळखता महागडी पेटी बसविणाऱ्यांचे पैसे वाया जातात, कारण बऱ्याचदा ठोका येत असतो तो झिजलेला जबडा आणि खुंटी यांच्यामधल्या मोकळ्या फटीतून. अशा ठिकाणी आधी जबडा घट्ट करून घ्यावा लागतो. पिशवी नंतरची.

१४/ एक गोष्ट मात्र मधल्या काळात उलटली. एरोकारमध्ये सुख हवे होते ते मागे बसलेल्यांना. आजचे सारे इलाज पुढच्या चालकाच्या कमरेसाठी आहेत, कारण धावत्या ट्रेलरमध्ये सहसा कोणी बसत नाही, आणि साध्या ट्रेलरमध्ये तर अमेरिकेच्या अनेक राज्यांत बसताही येत नाही. कॅलिफोर्नियात फिफ्थ व्हील घरात बसून प्रवास करण्यास कायदा मुभा देतो. त्यासाठी घातलेल्या अटींतली एक अशी की आतल्या प्रवाशाला चालकापर्यंत इशारा पोहोचविता येईल असे साधन हवे. कर्टिसच्या गाडीत त्यासाठी टेलिफोन होता.