राखेतून देव कसा उठवील?



आजचं बोलणं आमच्या गटातल्या एका मावशींच्या प्रश्नावरून निघालं. मावशी ख्रिस्ती. त्यांची थोरली बहीण २०२१ साली करोनात शहरातल्या दवाखान्यात गेली. घरच्यांना तोंडसुद्धा दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या हातात राखेचं गाडगं आलं. आईबापाच्या शेजारी मातीत निजायचं, असं त्या बहिणीनं जन्मभर म्हटलेलं. पुढं कितीतरी महिने मावशी बैठकीला यायच्या, हप्ता भरायच्या आणि गप्प बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "न्यायाच्या दिवशी देव सगळ्यांना कबरीतून उठवणार. माझ्या बहिणीला कबरच नाही. तिला कुठून उठवील?"

आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी माणूस जाळतात आणि अस्थी नदीला देतात. त्यामुळं आम्हाला आधी प्रश्नच नीट कळेना. पाळकांनी मावशींना 'विश्वास ठेवा' म्हणून सांगितलं होतं, पण तेवढ्यानं त्यांचं मन भरलं नव्हतं. मग आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो.

ख्रिस्ती माणसाच्या मते जन्म एकदाच आणि मरणही एकदाच. चौऱ्यांशीचा फेरा नाही. जगाच्या शेवटी येशू परत येईल, मेलेले उठतील, प्रत्येकाचा न्याय होईल. मग देवाजवळचं कधी न संपणारं जगणं, नाहीतर देवापासूनची ताटातूट. आम्हाला नवल वाटलं ते उठण्याचं. नुसता आत्मा नाही, शरीरासकट माणूस उठणार. येशूच्या काळी काही यहुदी हे मानत, काही मानत नसत. येशू तिसऱ्या दिवशी उठला ही तर ख्रिस्ती धर्माची मूळ गोष्ट. ती रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली बायांनी. मृतदेहाला सुगंधी द्रव्यं लावायला त्या पहाटे गेल्या होत्या.

पण कुजलेलं शरीर परत येणार कसं? ही शंका तेव्हाच्या लोकांनाही आली. पौल नावाच्या प्रेषितानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात त्यानं पेरणीचा दाखला दिला. मातीत जातो तो दाणा, वर येतं ते दाण्यासारखं दिसत नाही, तरी ते त्याच दाण्याचं असतं. बाजरी पेरणाऱ्या बायांना हे फोडून सांगायची गरज पडली नाही.

त्या काळी रोमन लोक बहुतेक मृतांना जाळत आणि राख कलशात ठेवत. ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांसारखी पुरायची रीत धरली. रोम शहराबाहेर त्यांनी जमिनीखाली लांबच लांब बोगदे खणले, भिंतीत कप्पे केले आणि त्यात आपली माणसं ठेवली. ते बोगदे आजही आहेत. दफनभूमीसाठी त्यांनी जो ग्रीक शब्द वापरला त्याचा अर्थ निजायची जागा. इंग्रजीतला 'सिमेटरी' त्याच्यावरूनच आला.

आता एक गोष्ट खास आपल्या गटांसाठी. आजच्या ट्युनिशिया देशात कार्थेज नावाचं शहर होतं. तिथला तर्तुल्यन हा लेखक इसवी सन १९७च्या सुमारास लिहितो, की ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा आपापल्या ऐपतीप्रमाणं पैसे टाकतात, सक्ती कुणावर नाही. त्या पैशातून गरिबांचं जेवण, अनाथ लेकरं, म्हातारी माणसं बघायची आणि गरीब मेला तर त्याला मूठमाती द्यायची. आम्ही हे बैठकीत वाचलं तेव्हा आमच्या खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण काही नवीन काढलं नाही!"

ख्रिस्ती लोक मृतदेहाला इतकं जपतात हे त्यांच्या वैऱ्यांनाही ठाऊक होतं. इसवी सन १७७ साली आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं. त्यांत ब्लांदिना नावाची एक दासी होती. मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू हाच, की आता उठून दाखवा म्हणावं! वाचलेल्या मंडळींनी दूरच्या मंडळ्यांना पत्र लिहिलं. आपल्या माणसांना माती देता आली नाही याचं दुःख त्यात आहे. रात्रीचा प्रयत्न केला, पैसे देऊ केले, हात जोडले, पण पहारेकरी हलले नाहीत. मावशींनी हा भाग दोनदा वाचायला लावला. नदीत गेलेली ती माणसं हरवली असं त्या मंडळींनी कधी मानलं नाही.

मावशींना खरा धीर दिला तो मात्र मोनिकानं. मोनिका ही संत ऑगस्टिनची आई, उत्तर आफ्रिकेतली. नवऱ्याच्या शेजारीच पुरायचं असा तिचा जन्मभराचा हट्ट, त्यासाठी तिनं जागासुद्धा करून ठेवलेली. पण इसवी सन ३८७ साली ती परमुलखात, इटलीतल्या ओस्तिया बंदरावर आजारी पडली. घर समुद्रापलीकडं. तेव्हा तिनं लेकांना सांगितलं, की माझं शरीर कुठंही पुरा, त्याचा घोर करू नका. इतक्या लांब राहायची भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं. त्यावर ती म्हणाली, की देवाला काहीच लांब नाही आणि शेवटच्या दिवशी मला कुठून उठवायचं हे त्याला माहीत नसेल अशी भीती मला नाही. ऑगस्टिननं हे स्वतः लिहून ठेवलंय. सोळाशे वर्षांहून जुना तो मावशींचाच प्रश्न.

मोनिकानं एक मागितलं, वेदीपाशी माझी आठवण काढा. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची ही चाल जुनी. पुढं शुद्धिस्थानाची शिकवण पक्की झाली. मेल्यावर जीव तिथं शुद्ध होतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेची त्याला मदत होते. मग माफीपत्रं विकणारे निघाले. आईबापाची शिक्षा कमी होईल या आशेनं गरीबही पैसे देत. दुःखातल्या माणसाची गाठोडी चाचपणारे सगळ्याच धर्मांत भेटतात. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं याला विरोध केला आणि पुढं प्रोटेस्टंट वेगळे झाले. त्यांनी शुद्धिस्थान मानायचं सोडलं. म्हणून आपल्याकडंही दोन रीती दिसतात. वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते. तिथले आणि गोव्याचे ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक. ते २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी मिस्सा करतात. नगरला १८३१ साली अमेरिकन मिशन आलं, ते प्रोटेस्टंट. त्या वळणाच्या मंडळ्या मेलेल्यासाठी काही मागत नाहीत, त्याच्याबद्दल देवाचे आभार मानतात.

आणि जाळण्याचं काय? रोमच्या चर्चनं १८८६ साली दहनाला मनाई केली, कारण युरोपातले काही चर्चविरोधी लोक मुद्दाम हिणवायला दहनाचा आग्रह धरत होते. १९६३ साली ती मनाई उठली. पुरणं बरं, पण जाळल्यानं देवाचे हात बांधले जात नाहीत, असा त्याचा अर्थ. २०१६ साली रोमनं एवढं सांगितलं, की राख उधळू नका, घरात ठेवू नका, पवित्र जागी ठेवा. आपल्याकडं रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रोटेस्टंट, त्यांना ती मनाई लागू नव्हतीच. १९१९ साली मुंबईत ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनं त्यांचं दहन झालं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या त्यांच्या पत्नी.

न्यायाच्या दिवशी देव काय विचारणार, हेही मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. भुकेल्याला जेवू घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला नेसवलं का, आजाऱ्याला, कैद्याला भेटलात का. पुरलं की जाळलं, हा प्रश्न त्यात नाही. आणि हे वाचणाऱ्यांनीच तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत घातली. सगळे एकदमच उठणार, तर ती भिंत कुणासाठी, असं आम्हाला विचारावंसं वाटतं.

ते गाडगं एवढे दिवस मावशींच्या लोखंडी पेटीत लुगड्यांखाली होतं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ते दफनभूमीत आणलं. हातभर खड्डा पुरला. पाळकांनी प्रार्थना केली, आम्ही सगळ्याजणींनी एकेक मूठ माती टाकली. मग मावशींनी शेजारची मोकळी जागा पावलांनी मोजली आणि भाच्याला दाखवून ठेवली.