आणेवारी आणि दोरीवरचं ताट

मध्यंतरी तिवराच्या जंगलाचं वजन कसं काढतात ते वाचत होतो. झाड तोडायचं नाही, म्हणून खोडाचा घेर आणि उंची मोजायची नि सूत्रात घालायची. पण कच्छसारख्या कोरड्या किनाऱ्यावर तिवर खुरटं, बुडापासूनच फुटलेलं. घेर घ्यायचा तरी कुठल्या फांदीचा? आमच्या जालन्याला समुद्र नाही, पण हा प्रश्न आम्हाला चांगलाच ओळखीचा आहे. उभ्या पिकाचं वजन ठरवायचं कसं?

पूर्वी ते नजरेनं ठरे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या आत गेलं की सारा तहकूब होई. १९१८ चा खेडा सत्याग्रह पेटला तो याच चार आण्यांवरून! शेतकरी म्हणत कमी, सरकार म्हणे जास्त. (जालना तेव्हा निजामाकडे.) १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत गाव आलं तर कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आलं तर... असो.

नजरेच्या जागी तराजू आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, साताऱ्याकडच्या बुधचे. १९४० च्या दशकात त्यांचा आणि महालनोबिसांचा वाद गाजला. महालनोबिस छोटे तुकडे कापायच्या बाजूचे. त्यात वेळ वाचतो. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगून दिसतं. कारण अगदी साधं आहे. दोरीवर आलेलं ताट कापणारा आतच धरतो, आणि लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कड जास्त. मला यात सुखात्म्यांचंच पटतं. ज्यानं भर उन्हात दोरी धरलीय त्याला विचारा.

आज सोयाबीनला १० बाय ५ मीटरचा चौकोन आखतात. शेत आणि जागा चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची, कापायचं, मळायचं, तोलायचं, वाळल्यावर वजनात किती घट येते तीही धरायची. म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तोलताना एक किलो इकडचा तिकडे झाला की हेक्टरी दोन क्विंटलचा फरक! आणि प्रधानमंत्री पीक विमा योजनेत अशाच मोजक्या चौकोनांच्या सरासरीवर अख्ख्या महसूल मंडळाची भरपाई ठरते.

२०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनं पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहाला दिसणारी हिरवळ हे निकष पुढे आणले. २०२३ मध्ये राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात जालना जिल्ह्यातलेही होते. पण उपग्रहाला हिरवं दिसलं म्हणून शेंगेत दाणा भरला असं थोडंच आहे?

कपाशीची तर आणखी गंमत. एका कापणीत भागत नाही. तीन-चार वेचण्या, आणि प्रत्येक वेळी त्याच चौकोनातला कापूस वेगळा वेचून तोलायचा. पहिल्या वेचणीला खुंट्या ठोकल्या आणि दुसरीला कोणी फिरकलंच नाही, तर त्या रकान्यात काय लिहायचं?