पाणी, जमीन आणि झाड : पर्यावरणीय न्याय हा आपलाही प्रश्न आहे

हवामान बदल म्हटले की आपल्या चळवळीतील अनेकांना तो दुसऱ्या कुणाचा तरी विषय वाटतो. आरक्षण, अत्याचार, शिष्यवृत्ती हे आपले प्रश्न. झाडे आणि नद्या हे निसर्गप्रेमींचे, अशी वाटणी होऊन बसली आहे. ही वाटणी आम्हाला मान्य नाही. नाशिक जिल्ह्याकडे पाहिले तरी ती किती खोटी आहे ते कळते.

पर्यावरणीय न्याय म्हणजे काय?

जिल्ह्याच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी. इथे पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात आदिवासी पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नर हे कमी पावसाचे तालुके. मध्ये द्राक्षबागांचा पट्टा. गारपीट झाली की पंचनामा होतो, भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. ती मिळायलाच हवी. पण त्याच बागेत मजुरी करणाऱ्याचा हंगाम बुडतो आणि त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते.

संकट एकच, पण त्याचा भार सारखा पडत नाही. ज्याच्याकडे जमीन, पाणी आणि पक्के घर कमी, त्याच्यावर तो जास्त पडतो. हा भार कोणावर आणि का पडतो हे विचारणे म्हणजे पर्यावरणीय न्याय. २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ शी जोडला. म्हणजे हा विषय आता संविधानाच्या भाषेतही मांडता येतो.

जगातले धर्मसमूह

१९८६ मध्ये इटलीतील असिसी येथे बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि ज्यू प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाची आपापली घोषणापत्रे मांडली. २०१५ च्या पॅरिस परिषदेपूर्वी पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक, इस्तंबूलचे इस्लामी घोषणापत्र आणि बौद्ध नेत्यांचे निवेदन एकाच वर्षात आले. बौद्ध निवेदनावर दलाई लामा आणि तिक न्यात हान्ह यांच्या सह्या होत्या.

घोषणापत्रांपेक्षा थायलंडच्या भिक्खूंचे काम आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या भिक्खूंनी जंगलतोड थांबवण्यासाठी मोठ्या झाडांना चीवर गुंडाळण्याचा विधी सुरू केला. चीवर ल्यालेल्या झाडावर कुऱ्हाड चालवायला लोक कचरतात. त्यासोबत त्यांनी गावकऱ्यांचे वनसंरक्षण गटही उभे केले, म्हणून तो नुसता विधी राहिला नाही.

धम्माचा वारसा

विनयात भिक्खूंना वनस्पती तोडण्यास आणि पाणी घाण करण्यास मनाई आहे. पावसाळ्यात भिक्खू हिरवी रोपे आणि बारीक जीव तुडवत फिरतात अशी लोकांनी तक्रार केली, त्यातून वर्षावास आला. सम्राट अशोकांनी रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खोदल्या आणि विनाकारण वणवे लावण्यास बंदी घातली.

नाशिकमध्ये हा वारसा दगडात कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांत पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेली टाकी आजही दिसतात. दहाव्या लेण्यातील शिलालेखांत उषवदाताने बागा, तळी, पाणपोया आणि नद्यांवर मोफत नावा यांसाठी केलेल्या दानाची नोंद आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील शिलालेखात उपासिका विष्णुदत्ता आजारी भिक्खूंच्या औषधासाठी श्रेणींकडे कायम ठेव ठेवते. त्यांत कुंभार आणि तेल्यांसोबत पाण्याची यंत्रे बनवणारे ‘ओदयंत्रिक’ही आहेत. दान म्हणजे लोकांची कायमची सोय, हा अर्थ इथे स्पष्ट दिसतो.

चळवळीचा वारसा

आपली चळवळ पाण्यापासूनच उभी राहिली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २ मार्च १९३० ला नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. सार्वजनिक साधनांवर सर्वांचा समान हक्क, हाच दोन्हींचा गाभा. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदीखोरे योजनांना दिशा दिली.

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह उभारले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला मिळावी ही मागणी तेव्हा होती, आजही आहे.

आज समोर असलेले प्रश्न

गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तरीही सांडपाण्याचा प्रश्न मिटलेला नाही. नदी स्वच्छ करा म्हणताना गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचा जीवही मोजला पाहिजे. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातील सतराशे-अठराशे झाडांवर गदा आली. नागरिकांनी हरकती घेतल्या, आंदोलने केली आणि डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वृक्षतोडीला अंतरिम स्थगिती दिली. आमचा विरोध कोणत्याही भाविकाला नाही. २०२३ मध्ये त्रिरश्मीच्या पायथ्याशी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप लावले गेले, तेव्हा आपण वंदन केले. त्याच शहरातील तपोवनाची झाडेही आपलीच आहेत.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी गायरानासह सरकारी जमिनी दिल्या जातात. सौरऊर्जा हवीच. पण त्या गायरानावर एखादे भूमिहीन कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कसत असेल, तर प्रदूषण कमी करण्याची किंमत त्यानेच का मोजावी? हवामानासाठी घेतलेला निर्णयही अन्याय करू शकतो. हा प्रश्न निसर्गप्रेमी विचारतीलच असे नाही. आपणच तो विचारला पाहिजे.

विहारापासून सुरुवात

१. वर्षावासातील एका धम्मदेशनेनंतर वस्तीचा पाणी-नकाशा काढा : नळ किती, टँकर कधी, पाणी कुठे तुंबते.

२. विहाराच्या छतावरचे पाणी टाकीत किंवा जमिनीत मुरवा. उन्हाळ्यात विहार दुपारी खुला ठेवा. पत्र्याच्या घरातील वृद्धांना सावली मिळेल.

३. वृक्षतोडीची नोटीस लागली की मुदतीत लेखी हरकत द्या. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांवरील झाडे ‘हेरिटेज वृक्ष’ ठरतात.

४. गायरान कसणाऱ्यांचे पुरावे, म्हणजे दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुन्या नोंदी एकत्र करा. ग्रामसभेत ठराव येण्यापूर्वी ही फाइल तयार हवी.

५. वनहक्कांसाठी लढणाऱ्या आदिवासी संघटना, सफाई कामगार आणि नदीप्रेमी गट यांच्याशी बोला. प्रत्येकाच्या हातात या प्रश्नाचा एकेक धागा आहे.

जयंतीला रोप लावणे चांगलेच आहे. पण ते रोप कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या पाण्यावर वाढणार आणि त्याची सावली कोणाला मिळणार, हे विचारल्याशिवाय आपले काम पुरे होत नाही.