सहनिवासातील जीवनशैलीविषयक मतभेद

प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपाकघरासह स्वतंत्र घर आणि सर्वांचे मिळून एक सामायिक घर अशी रचना असलेल्या, रहिवाशांनीच आखलेल्या व चालविलेल्या वसाहतीस सहनिवास किंवा को-हाउसिंग म्हणतात. अशा वसाहतीत आहार, पाळीव प्राणी, मुलांची शिस्त, धूम्रपान, आवाज इ. खाजगी सवयींवरून मतभेद उद्‌भवतात.

ही कल्पना मूळची डेन्मार्कमधील. वास्तुविशारद यान गुडमान-होयर यांनी १९६४ पासून तिचा पाठपुरावा केला. हिलरॉडजवळचे सेटेडामेन (१९७२) हे आद्य सहनिवासांपैकी एक होय. कॅथरिन मॅकॅमंट व चार्ल्स ड्युरेट यांच्या १९८८ मधील ग्रंथाने तिचा अमेरिकेत प्रसार झाला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे १९९१ मध्ये म्यूर कॉमन्स ही वसाहत उभी राहिली.

कम्यूनमध्ये असते तसे येथे उत्पन्न एकत्र नसते आणि समान श्रद्धेची अटही नसते; त्यामुळे मतभेद गृहीत धरावे लागतात. ते मुख्यतः सामायिक जागेत उमटतात : सामुदायिक जेवणात मांस शिजवावे का, मांजर मोकळे सोडावे का, दुसऱ्याच्या मुलाला कोणी रागवावे. जेवणाबाबत शाकाहारी पर्याय कायम ठेवून उपस्थिती ऐच्छिक करणे, हा रूढ तोडगा आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभेत प्रश्न बहुमताने सुटतो. सहनिवासात शक्यतो सर्वसंमती साधतात. प्रस्ताव मनाजोगा नसला, तरी तो चालवून घेण्याची तयारी त्यासाठी पुरते. असहमत सदस्य तटस्थ राहू शकतो. प्रस्ताव अडवायचा, तर मात्र तो समूहहितास बाधक असल्याचे त्याने दाखवावे लागते. एकाच्या नकाराने काम खोळंबू नये, म्हणून अनेक वसाहतींत अखेरचा उपाय म्हणून मतदानाची तरतूद असते. नेदरलँड्समध्ये केस बूके व गेरार्ड एंडेनबर्ग यांनी विकसित केलेली सोशिओक्रसी ही पद्धतही काही ठिकाणी रूढ आहे. तीत नियम ठरावीक मुदतीपुरता करून नंतर तपासतात. त्यामुळे विरोधकांनाही तो आजमावणे सोपे जाते.

दोन शेजाऱ्यांमधील तक्रार थेट सभेत न नेता आधी परस्परांत बोलून, न जमल्यास मध्यस्थामार्फत सोडविण्याचा प्रघात आहे.

या पद्धतींना मर्यादा आहेत. बैठका लांबतात, चिकाटीने बोलणाऱ्यांचे वजन वाढते. शिवाय धूर व आवाज भिंतीपाशी थांबत नसल्याने खाजगी व सामायिक यांची सीमा पुसट होते. म्हणून पाळीव प्राणी, धूम्रपान व आवाज यांविषयीचे नियम लोक राहायला येण्यापूर्वीच लेखी ठरविणे श्रेयस्कर ठरते.