'बसायचे का?' इंग्रजीत कसे विचाराल

अंधेरीच्या सीप्झमध्ये वा मालाडच्या कार्यालयांत दिवसभर इंग्रजीत काम करणारा मराठी कर्मचारी संध्याकाळी परदेशी सहकाऱ्यांसोबत बारमध्ये गेला, की अनेकदा गप्प होतो. ई-मेलचे इंग्रजी तिथे उपयोगी पडत नाही आणि मराठीचे शब्दशः भाषांतर हमखास फसते.

याचे कारण, मद्यपानाविषयीची आपली बोली आडवळणाची आहे. 'आज बसायचे का?' या प्रश्नात मद्याचे नावही नसते. 'शॅल वुई सिट?' म्हटल्यास समोरचा खुर्ची शोधू लागेल. 'शॅल वुई गो फॉर अ ड्रिंक आफ्टर वर्क?' असे विचारावे. 'तुम्ही घेता का?' म्हणजे 'डू यू टेक?' नव्हे. टेबलावर 'व्हॉट आर यू हॅविंग?' हाच प्रश्न सभ्य, कारण त्याच्या उत्तरात लिंबू सोडाही बसतो.

खरी कसोटी नकाराची. 'आय डोन्ट वाँट' हे तुटक वाटते. 'नॉट फॉर मी, थँक्स. आय विल हॅव अ फ्रेश लाइम सोडा' एवढे पुरे. उपवास, ॲसिडिटी, औषधे अशी कारणे देऊ नयेत. कारण दिले की त्यावर वाद घालता येतो. आग्रह झालाच, तर 'आय ॲम गुड, रियली' म्हणावे. इथे 'गुड'चा अर्थ सद्गुणी नसून 'मला पुरे' असा आहे. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, तर सौम्य बिअरसाठी २१ वर्षे आहे. त्यामुळे बावीस वर्षांच्या नवख्याला 'आय ॲम नॉट ट्वेंटी-फाइव्ह येट' असेही म्हणता येते!

'आय ॲम ड्रायव्हिंग' या वाक्याला तर कायद्याचाच आधार आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास, २०१९च्या दुरुस्तीनुसार, पहिल्याच गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

बिलाच्या वेळी 'टीटीएमएम' म्हणजे 'तुझे तू, माझे मी' हे मराठीबाहेर कुणाला कळावे? समान वाटणीसाठी 'लेट्स स्प्लिट द बिल'. मात्र केवळ सोडा पिणाऱ्याने संकोच न करता 'आय विल पे फॉर माइन' म्हणावे. सर्वांचे पैसे द्यायचे असतील, तर 'धिस वन इज ऑन मी'.

निघताना 'येतो'चे भाषांतर 'आय ॲम कमिंग' असे करू नये. 'आय शुड गेट गोइंग, आय हॅव अ ट्रेन टु कॅच' म्हणावे. बोरिवलीची असो वा मुलुंडची, लोकलच्या सबबीवर मुंबईत कुणी उलट प्रश्न विचारत नाही.