११२ पराभव आणि एक भिंत

लहानपणी आमच्या आळीत आमचा एक क्रिकेट संघ होता. तो दरवर्षी हरे. हरला की आम्ही कप्तान बदलत असू आणि पुढच्या वर्षी पुन्हा हरलो की जुन्याच कप्तानाची मनधरणी करून त्याला परत आणीत असू. कप्तान चांगला मिळाला की संघ जिंकतो, एवढेच आमचे क्रीडाशास्त्र. संघ घडवावा लागतो आणि घडवायला वर्षे लागतात, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला साठी उलटावी लागली. तीही आली कुठे, तर अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, विटांच्या एका जुन्या भिंतीपाशी!

माझी भाची त्या गावी राहते. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलो होतो. तीन नद्यांचे आणि एके काळी पोलादाच्या भट्ट्यांचे हे शहर. व्यंकटेश्वराचे मंदिर पाहून झाले, नद्यांचा संगम पाहून झाला. १३ ऑक्टोबरला ती म्हणाली, "मामा, आज तुम्हांला इथली एक जत्रा दाखवते."

जत्रा म्हणजे काय, तर विद्यापीठाच्या आवारात वेलींनी झाकलेली एक लांबलचक भिंत आणि तिच्यापुढे घरून खुर्च्या आणून बसलेली माणसे. मध्ये ध्वनिवर्धक आणि त्यावर १९६० सालच्या एका बेसबॉल सामन्याचे रेडिओवरील धावते वर्णन. सामन्याचा निकाल तिथल्या पोरासोरांनाही पाठ. तरीही माणसे कानांत प्राण आणून ऐकत होती. रामाचा जय होणार हे ठाऊक असूनही आपण कीर्तनाला बसतोच की!

ही भिंत फोर्ब्स फील्ड या मैदानाची. मैदान १९७० साली बंद झाले, भिंतीचा तुकडा तेवढा राहिला. इथे खेळणाऱ्या संघाचे नाव पायरेट्स, म्हणजे समुद्रावरचे चाचे. मात्र १९५२ साली या चाच्यांना कुणीही लुटावे अशी त्यांची दशा झाली होती. त्या वर्षी ते ४२ सामने जिंकले आणि ११२ हरले. दर चार सामन्यांत जवळजवळ तीन पराभव! आठ संघांत ते आठवे आले आणि पहिल्या आलेल्या ब्रुकलिनच्या साडेचोपन्न सामने मागे राहिले. १९५३, १९५४ आणि १९५५ या तिन्ही वर्षीही त्यांनी तळ सोडला नाही. अजिंक्यपद त्यांनी शेवटचे मिळवले होते १९२५ साली.

गंमत अशी की, हे सारे घडत असताना संघाच्या कारभारावर बेसबॉलमधला सर्वांत बुद्धिमान म्हणून गाजलेला माणूस बसला होता. त्याचे नाव ब्रँच रिकी. शिक्षणाने वकील, गळ्यात बो, तोंडात चिरूट आणि आईला दिलेल्या शब्दापायी रविवारच्या सामन्याला मैदानात पाऊल न टाकणारा. खेळाडू म्हणून तो यथातथाच. १९०७ साली एका सामन्यात प्रतिपक्षाने त्याच्या डोळ्यांदेखत १३ तळ चोरले होते! पण माणसे पारखण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. सेंट लुईसला असताना त्याने छोट्या गावांतले छोटे संघ हाताशी धरले. पोरे तिथे लावायची, वाढवायची आणि तयार झाली की मोठ्या संघात आणायची. रोपवाटिकाच म्हणा ना! पुढे ब्रुकलिनला त्याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केले आणि १९४७ साली मैदानात उतरवून वर्षानुवर्षांची वर्णभेदाची भिंत पाडली.

हा रिकी १९५० च्या नोव्हेंबरात, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पिट्सबर्गला आला. त्याचे गणित साधे होते. वेग आणि फेकीचा जोर निसर्ग देतो, बाकीचे शिकवता येते. तेव्हा पोरे शेकड्यांनी गोळा करावीत. संख्येतून गुण आपोआप वर येईल. पण पेरणी झाली आणि आभाळ फिरले. कोरियाचे युद्ध सुरू होते. तयार होऊ लागलेली पोरे सैन्यात जाऊ लागली. व्हर्नन लॉ हा उमदा चेंडूफेक्या गेला. विद्यापीठातून थेट मैदानावर आणलेला डिक ग्रोट एक हंगाम खेळला आणि तोही गेला. मागे राहिली ती मिसरूडही न फुटलेली मुले. त्यांना रोज मातब्बर संघांपुढे उभे राहावे लागे. बॉब फ्रेंड हा त्यांतलाच. १९५५ साली त्याने लीगमध्ये सर्वांत कमी धावा देण्याचा मान मिळवला आणि त्याचा संघ मात्र तळाला!

त्यातच रिकीने लोकांचा लाडका राल्फ काइनर १९५३ च्या जूनमध्ये शिकागोला देऊन टाकला. काइनर म्हणजे लागोपाठ सात वर्षे होम रनमध्ये अव्वल राहिलेला फलंदाज. होम रन हा आपल्या षटकाराचा थोरला भाऊ. संघ हरो की जिंको, काइनरचा तडाखा पाहायला लोक येत. रिकीचा युक्तिवाद असा की, याच्यासह आपण शेवटचे आलो, तर याच्यावाचूनही शेवटचे येऊ शकतो. तर्क बिनतोड खरा; पण दिवसभर भट्टीपुढे राबून संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या माणसाला तो कसा रुचावा? १९५५ साली वर्षभरात पाच लाखही प्रेक्षक आले नाहीत. त्याच वर्षाअखेर रिकी कारभारातून बाजूला झाला. पाच वर्षे झाली होती, आणि दाखवायला हाती पराभवांखेरीज काही नव्हते.

खरोखरच काही नव्हते का? इथेच इतिहास मोठा मौजेचा होतो.

ब्रुकलिनने रोबेर्तो क्लेमेंते नावाचा पोर्तो रिकोचा एक तरुण दहा हजार डॉलर देऊन घेतला होता आणि त्याला माँट्रिअलच्या दुय्यम संघात ठेवले होते. नियम असा होता की, चार हजारांहून अधिक रक्कम देऊन घेतलेला नवखा खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर हंगामाअखेर दुसऱ्या संघाला त्याला उचलता येई. पिट्सबर्गचा पारखी माँट्रिअलला गेला होता वेगळ्याच खेळाडूला पाहायला. त्याची नजर ठरली ती या पोराच्या फेकीवर. आणि निवडीचा पहिला मान कोणाचा? जो शेवटचा आला त्याचा! २२ नोव्हेंबर १९५४ रोजी अवघ्या चार हजार डॉलरांत क्लेमेंते पिट्सबर्गचा झाला. पराभवाचे एवढे घसघशीत व्याज क्वचितच कुणाला मिळाले असेल. त्याच वर्षी बिल मॅझरोस्की नावाचा सतरा वर्षांचा पोरगाही संघाने घेऊन ठेवला.

रिकीनंतर जो ब्राउन आला. तो खरा चतुर. जुन्या माणसाचे सारे उपटून टाकून नव्याने नांगरण्याचा मोह त्याने टाळला. आम्हा कोकणातल्या माणसांना कलम बांधणे समजते. झाड आजोबांनी लावलेले असते, त्यावर हवी ती फांदी नातू बांधतो. ब्राउनने तेच केले. १९५६ साली त्याने बिल व्हर्डनला आणले, १९५७ साली डॅनी मर्टॉवर संघ सोपवला, १९५९ च्या आरंभी सिनसिनाटीकडून हार्वी हॅडिक्ससह तीन जाणती माणसे घेतली आणि त्या वर्षाअखेर हॅल स्मिथला. १९५८ साली संघ एकदम दुसरा आला. १९६० साली ९५ सामने जिंकून पहिला. त्या वर्षी सतरा लाख माणसे मैदानावर लोटली.

अंतिम झुंज न्यूयॉर्कच्या यांकीजशी. सात सामन्यांची मालिका. यांकीज जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे. पायरेट्स जिंकले ते कसेबसे. सहा सामन्यांत यांकीजच्या धावा ४६, यांच्या १७, आणि तरी तीन-तीन अशी बरोबरी! सातव्या सामन्याच्या आठव्या डावात पायरेट्स मागे होते. व्हर्डनने मारलेला साधा सरपटी चेंडू कशावरून तरी उसळला आणि यांकीजच्या क्षेत्ररक्षकाच्या गळ्यावर आदळला. क्लेमेंतेने धडपडत तळ गाठून एक धाव दिली. स्मिथने चेंडू कुंपणापार टाकला. नवव्या डावात यांकीजनी ९-९ अशी बरोबरी साधली. मग उतरला मॅझरोस्की.

ध्वनिवर्धकावर तो क्षण आला तेव्हा घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटे झाली होती. चेंडू भिंतीपलीकडे गेला. १०-९! आणि आमच्याभोवतीची सारी माणसे, जणू आत्ताच घडले, अशी उठून ओरडू लागली. शेजारचे सत्तरीचे गृहस्थ डोळे पुसत होते. लहानपणी वडिलांचे बोट धरून १९५२ चे सामने पाहायला येत असू, असे त्यांनी सांगितले. ते वडील १९६० पाहायला उरले नव्हते.

परतताना भाचीने विचारले, "मामा, मग श्रेय कुणाचे? रिकीचे की ब्राउनचे?"

मी हिशेब मांडला. सुरुवात करणारा लॉ, रिकी येण्याआधीचा. व्हर्डन, स्मिथ आणि त्या दिवशी विजयी ठरलेला चेंडूफेक्या हॅडिक्स, हे ब्राउनचे. ग्रोट, क्लेमेंते आणि मॅझरोस्की रिकीचे. उसळलेला चेंडू दैवाचा. यांतला एक आकडा खोडला तरी बेरीज चुकते. पण एक नाव या हिशेबात कुणी धरत नाही: हरणारा संघ पाहायला मुलाला घेऊन येणारा तो बाप.

पुढे १९७१ आणि १९७९ साली पायरेट्स पुन्हा अजिंक्य ठरले. क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन तरुणांना याच संघाने करारबद्ध केले. मोठ्या संघापर्यंत ते पोचले नाहीत. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षे संघाचे पराभव विजयांहून अधिक राहिले. तळाचा संघ नेहमी वर येतोच असे नाही. वीस वर्षे पेरूनही काही उगवत नाही, असेही होते.

पण भिंतीपाशी ते गृहस्थ आपल्या नातवाला घेऊन आले होते. नातवाच्या डोक्यावर पायरेट्सची टोपी होती, आजोबांच्या टोपीपेक्षा पुष्कळ नवी. आमच्या आळीच्या संघाला कप्तान पुष्कळ मिळाले. हरल्यावर पुन्हा पाहायला येणारे मात्र कुणी नव्हते.