मुनीम नसलेली रांग

देणाऱ्याने पैसे दिले, पण घेणाऱ्याच्या पदरात ते अजून पडले नाहीत. अशा मधल्या काळात ते कोणाचे समजावयाचे? पेढीवर हा निवाडा मुनीम करतो. बिटकॉइनच्या व्यवहारात मुनीमच नाही, म्हणून तेथील रांगेचा इतिहास आपण पाहण्यासारखा आहे.

सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये मांडलेली ही योजना ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. सर्वांची खातेवही एकच. सरासरी दर १० मिनिटांनी तिला एक पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते. पानावर न चढलेले व्यवहार शिक्कामोर्तबाची वाट पाहतात. या प्रतीक्षायादीला मेमपूल म्हणतात. ती एका जागी नसते. खातेवही राखणारा प्रत्येक संगणक आपापली यादी ठेवतो.

२०१० मध्ये पानाला १ मेगाबाइटची मर्यादा पडली. तेव्हा गर्दी नव्हती. रक्कम मोठी आणि बरेच दिवस न हललेली असली, तर शुल्काविनाही जागा मिळे. २०१५ च्या उन्हाळ्यात मात्र मुद्दाम सोडलेल्या क्षुल्लक व्यवहारांचा लोंढा आला आणि बेसुमार वाढणाऱ्या याद्यांचा भार संगणकांना पेलवेना. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'बिटकॉइन कोअर' या प्रमुख प्रणालीने यादीला ३०० मेगाबाइटची सर्वसाधारण सीमा घातली. यादी भरली, की व्यापलेल्या जागेच्या मानाने सर्वांत कमी शुल्क देणारा बाहेर! जुन्या पैशाची राखीव जागाही त्याच वेळी नेहमीच्या व्यवस्थेतून गेली. ऑगस्टमध्ये आणखी एक काटकसर आली: शेजारच्या संगणकाच्या यादीत जे व्यवहार आधीच आहेत, ते नवे पान कळविताना पुन्हा सबंध न पाठविता प्रत्येकी ६ बाइटांची खूण पाठवावी.

यंत्राची सोय झाली, माणसाचे काय? डिसेंबर २०१७ मध्ये गर्दी इतकी झाली, की सरासरी शुल्क काही दिवस ५० डॉलरांच्याही वर गेले. वीस डॉलर पाठवू पाहणाऱ्याने काय करावे?

यादीतून गळालेल्याचे पैसे बुडत नाहीत. पानावर चढेपर्यंत ते देणाऱ्याचेच राहतात. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. परंतु जो पुन्हःपुन्हा मागे पडतो, त्याला या उत्तराने घरखर्च चालविता येत नाही. यादी आटोपशीर ठेवणे हे गणिताचे काम आहे. तीत कोणाला आधी घ्यावे, हे मात्र माणसेच ठरवितात आणि मुनीम काढून टाकल्याने ती जबाबदारी संपत नाही, असे आम्हांस वाटते.